मंगळवारचा बिघाड

प्रिय जावईबापू,

आशीर्वाद. (वयाने मी मोठा म्हणून आशीर्वाद, ज्या विषयावर हे पत्र आहे त्यात तुम्ही मोठे, म्हणून सोबत एक नमस्कारही. दोन्ही जपून ठेवा, कोणता कधी लागेल सांगता येत नाही.) तुमची पाठ आता कशी आहे? पाच दिवसांच्या रजेतले चार दिवस आमच्या घरात शिडीवर उभं राहून काढल्यावर पाठ कुरकुरली नसती तरच नवल. इकडे माझी प्रकृती बरी आहे. डावा गुडघा जिना चढताना बोलतो, उजवा उतरताना, म्हणजे दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या आहेत आणि आपसात भांडण नाही. तुम्ही बसवलेले वायफायचे तिन्ही पांढरे डबे सुखरूप आहेत. हॉलमधल्या आणि पॅसेजमधल्या डब्याचे दिवे दिवसभर शांत निळे असतात. निजायच्या खोलीतला अधूनमधून तांबडा होतो, पण तो पहिल्यापासूनच जरा तापट.

तुमची ईमेल मिळाली. मुद्द्यांना क्रमांक, खाली आलेख, आलेखात लाल खुणा. वाचून ऊर भरून आला. चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजच्या तक्रार विभागात बसलो, पण अशी सुबक तक्रार एकाही ग्राहकाने कधी केली नाही. उत्तर हाताने लिहून टपालाने पाठवतो आहे, कारण ज्या जाळ्याविषयी तक्रार आहे त्याच जाळ्यातून तक्रार पाठवणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय घरच्या पत्त्यावर न पाठवता तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतो आहे. (का, ते पुढे कळेल. नाहीच कळलं तर उत्तमच.)

तुम्ही विचारलं आहे की गेल्या तीन महिन्यांत अकरा वेळा, सकाळी साडेसात ते आठच्या दरम्यान, आमच्या स्वयंपाकघरातून निघालेला निरोप तुमच्यापर्यंत का पोचला नाही, त्या अकरांपैकी नऊ वेळा मंगळवारच का होता, आणि लहरींमध्ये हा अडथळा आणतंय कोण. सगळं क्रमवार लिहा म्हणालात. लिहितो. आधी व्यवस्था कशी आहे ते नोंदवतो. (तुम्हीच बसवली आहे हे मला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून नोंद करावी, असं आमचे मोठे साहेब सांगत.) स्वयंपाकघराच्या छताला एक डोळा आहे. मी खालून गेलो की तो बघतो आणि ‘म्हातारा हलला’ असा निरोप पॅसेजमधल्या डब्याला देतो, तो हॉलमधल्या डब्याला सांगतो, तिथून तो बाहेर पडतो, आणि आमच्या ठकीच्या, म्हणजे तुमच्या बायकोच्या फोनवर हिरवा ठिपका उमटतो. आठपर्यंत निरोप गेला नाही तर ठिपका लाल होतो, आणि लाल झाला की ठकी मला फोन करते. याआधीची व्यवस्था साधी होती. ठकी रोज पावणेआठला फोन करायची. उठलात का, चहा झाला का, गुडघा कसा आहे? मी म्हणायचो, उठलो, झाला, आहे. दोन मिनिटांचं काम. कधी त्यात खालच्या दुकानदाराने दुकानाला फासलेला भडक रंग निघायचा आणि दहा मिनिटं जायची. डबे आल्यापासून रोज फोन करायची गरज उरली नाही, ठिपका दिसतोच. आता रविवारी फोन येतो, चार मिनिटांचा, मागे भांड्यांचा आवाज असतो. यंत्रणेबद्दल माझं काही म्हणणं नाही, यंत्रणा उत्तम आहे. मला करमत नाही, एवढंच, आणि तो काही यंत्रणेचा दोष नव्हे.

पहिला बिघाड गुरुवारी झाला. त्या दिवशी शेगडी रुसली, म्हणून चहा तुमच्या सासूबाईंच्या जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये केला. (ओव्हनचं दार सैल आहे, त्याला कागदाची घडी लावावी लागते. या गोष्टीचा बिघाडाशी काही संबंध नाही, तपशील म्हणून लिहिलं.) आठ वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. ठकीचा आवाज इतका पातळ झाला होता की ती सहा वर्षांची असताना बाजारात माझा हात सुटला होता, तेव्हाची तिची हाक आठवली. मी ठणठणीत आहे हे कळल्यावर ती आधी रडली, मग रागावली, आणि मग बत्तीस मिनिटं बोलली. माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणापासून तिच्या साहेबांच्या स्वभावापर्यंत सगळे विषय झाले. तुम्ही झोपेत गणितं सोडवता हेही त्याच दिवशी कळलं. फोन ठेवला तेव्हा चहा पार गार झाला होता, तो पुन्हा गरम केला. एकूण बिघाड गंभीर होता.

मग मी तपासाला लागलो. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं तर घोड्याच्या वाटेने चालत जायला हवं. तुमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की आरसे, लोखंडी कपाटं आणि पाण्याच्या टाक्या लहरींच्या वाटेत येतात. आमच्या निजायच्या खोलीत सासूबाईंचं आरशाचं कपाट आहे. त्याच्यावर मी जाड ब्लँकेट घातलं. निरोपांत काही फरक पडला नाही, पण सकाळी उठल्याबरोबर समोर स्वतःचा चेहरा दिसायचा तो बंद झाला, आणि खरं सांगायचं तर दोन दिवसांनी मला त्याचीही आठवण येऊ लागली, म्हणून ब्लँकेट काढलं. मग फोन हातात उंच धरून लहरींचा जोर मोजत घरभर हिंडलो. खिडकीशी जोर कमी आणि गॅलरीत जास्त भरला, म्हणून गॅलरीत उभा राहून हात डावीकडे, उजवीकडे, वर, पुन्हा डावीकडे असा फिरवत होतो, तर समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं की मी त्यांना हात करतोय. त्यांनीही हात केला. आता खाली घेणं बरं दिसेना, म्हणून मी आणखी एकदा केला. तेव्हापासून रोज साडेनऊला ते गॅलरीत येतात आणि आम्ही एकमेकांना हात करतो. त्यांचं नाव मला माहीत नाही. मध्ये दोन दिवस आले नाहीत तर माझं वर्तमानपत्रात लक्ष लागेना. (सर्दी झाली होती. गळ्याभोवती मफलर होता, त्यावरून अंदाज केला.)

पुढचा संशय वरच्या मजल्यावर. तिथे दाताचे डॉक्टर राहतात आणि तिथेच दवाखानाही चालवतात. त्यांच्या वायफायचं आणि आपल्या डब्यांचं बोलणं एकाच चॅनलवर चालत असेल तर दोघेही एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालणार, असं तुम्हीच लिहिलं होतं. म्हणून चौकशीला गेलो. दारातल्या बाईंनी विचारलं, कधीपासून त्रास होतोय? मी म्हटलं, तीन आठवडे. सतत होतो की मधूनमधून? म्हटलं, मधूनमधून, सकाळी जास्त. त्यांनी सगळं कार्डावर लिहिलं आणि मला खुर्चीवर बसवलं. मला वाटलं, दवाखान्यात बसायला एवढीच खुर्ची असेल. खुर्ची मागे कलली, दिवा डोळ्यांवर आला, आणि मी ‘आपला चॅनल’ एवढं म्हणेपर्यंत डॉक्टरांचा हात तोंडात होता. तोंडात दोन बोटं आणि एक आरसा असताना राउटर हा शब्द उच्चारून बघा. डॉक्टर स्वभावाने चांगले. माझा प्रत्येक हुंकार त्यांनी दुखण्यात जमा केला. शेवटी मागची एक दाढ (ती खरोखरच किडकी निघाली, हा योगायोग) त्यांच्या बशीत टाकून, गालाशी कापूस धरून मी सगळा प्रकार कागदावर लिहून दाखवला, तेव्हा ते इतके हसले की त्यांनाच खुर्चीवर बसावं लागलं. चॅनल त्यांनी त्याच दिवशी बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन गाल कसा आहे तेही विचारून गेले. त्यानंतरच्या मंगळवारी ठिपका पुन्हा लाल.

मग तुम्ही पाठवलेल्या तंत्रज्ञ बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, पायात आवाज न करणारे बूट, हातात लहरी दाखवणारं छोटं यंत्र. सगळ्या खोल्यांतून फिरल्या. हॉलमधला डबा टीव्हीच्या मागून काढून फळीवर ठेवला. माझ्या हातून एक फार जुनी चूक होत होती तीही त्यांनीच पकडली. तुम्ही लावलेले हुशार दिवेसुद्धा म्हणे एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, आणि मी खोलीतून बाहेर पडलो की भिंतीवरचं बटण दाबून दिवा मारून टाकायचो. जन्माची सवय, मोकळ्या खोलीत दिवा बघवत नाही. बाई म्हणाल्या, काका, बटणाने मारलात की तो बहिरा आणि मुका होतो, त्याच्या पलीकडच्यांचं मग कोण ऐकणार? तेव्हापासून सगळी बटणं चालू असतात आणि दिवे नुसते झोपलेले असतात. स्वयंपाकघरात मात्र त्या बराच वेळ थांबल्या. मग चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली, मुलगी कुठे असते ते विचारलं, आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून, सही करून गेल्या.

हा शेरा वाचून मला माझी नोकरी आठवली. (विषयांतर आहे, पण थोडं.) आमच्या एक्स्चेंजच्या हद्दीत एक आजीबाई होत्या. दर मंगळवारी सकाळी त्यांची तक्रार यायची की फोन बंद आहे. आणि ही तक्रार त्या त्याच फोनवरून करायच्या! मी विचारायचो, बाई, फोन बंद आहे तर बोलताय कशावरून? त्या म्हणायच्या, आत्ता चालू आहे हो, मगाशी बंद होता. तक्रार आली की नोंदवावीच लागे. लाइनमन जाऊन यायचा, फोन ठणठणीत. मग नियम असा की दुरुस्तीनंतर आम्ही इथून फोन करून विचारायचं, आवाज स्पष्ट येतो का? आजीबाई म्हणायच्या, येतोय, पण जरा थांबा, नीट खात्री करून घेते. आणि ही खात्री वीस-वीस मिनिटं चालायची. तिच्यात त्यांच्या कुंड्या यायच्या, मांजर यायचं, बदली होऊन दूर गेलेला मुलगा यायचा. मी तेव्हा तिशीचा, नियमाचा पक्का, मागे तक्रारींची ही रांग. चौदाव्या मंगळवारी मी लाल शाईने शेरा मारला: ‘तक्रारीत तथ्य नाही. यापुढे नोंदवू नये.’ साहेबांनी पाठ थोपटली. त्यानंतर आजीबाईंचा फोन आला नाही आणि आमचं मंगळवारचं काम हलकं झालं. हा किस्सा मी पुढे कितीतरी लग्नसमारंभांत सांगितला आहे, लोक पोट धरून हसतात.

तर एकंदर निष्कर्ष असा: आरसा निर्दोष, कपाट निर्दोष, दाताचे डॉक्टर निर्दोष, बटणांची चूक सुधारली, आणि तरीही मंगळवारी अडथळा येतो, याचं कारण मला सांगता येत नाही. (हे वाक्य नीट वाचावं. ‘माहीत नाही’ असं मी लिहिलेलं नाही.) ठकीला माझे आशीर्वाद सांगा. तिला म्हणावं, शर्टाचं बटण लावून घेतलं. तुमच्या पाठीला शेक द्या आणि झोपेत निदान सोपी गणितं सोडवा.

तुमचा
सासरा

ता. क. तुम्ही लिहिलंत की पुढच्या आठवड्यात नव्या जातीचे डबे आणि नवा डोळा पाठवतो, त्यांना कसलाच अडथळा बाधत नाही, ठिपका कायमचा हिरवा राहील. कृपा करून पाठवू नका. आहेत ते डबे मला सवयीचे झाले आहेत, आणि तापट डब्याशी तर माझी मैत्री झाली आहे.

ता. क. २. वरचं कारण मीच वाचलं आणि मलाच पटलं नाही. तेव्हा ऐका. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असा हा सगळा तपास होता, आणि कळसा काखेत आहे हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. तो जुना ओव्हन चालू असला की छताच्या डोळ्याचं बोलणं पॅसेजपर्यंत पोचत नाही. तेव्हापासून दर मंगळवारी साडेसातला मी त्यात पाण्याचा एक पेला ठेवतो आणि आठपर्यंत ओव्हन चालवतो. (पाणी उकळून आटलं की पेला बदलतो. चार लागतात.) तुम्ही म्हणाल, मग सरळ अंथरुणात पडून का राहत नाही, ठिपका आपोआप लाल होईल. जावईबापू, ते खोटं झालं असतं. मी त्या डोळ्याखालून नियमाने जातो, थांबतो, त्याला हातसुद्धा करतो. माझ्या बाजूने निरोप पूर्ण दिलेला असतो. वाटेत तो हरवला तर त्याला आमच्या खात्यात लाइनचा दोष म्हणत, ग्राहकाचा नाही. आलेखात मंगळवारांखेरीज तुम्हाला एक गुरुवार दिसेल, तो खरा. आणि एक शुक्रवार दिसेल. सासूबाई गेल्या त्याला त्या शुक्रवारी तीन वर्षं झाली. ठकी विसरली असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण ठिपका हिरवा असता तर दोघंही आपापल्या घरी गप्प बसलो असतो. त्या दिवशी आम्ही एक तास बोललो. तंत्रज्ञ बाईंना ओव्हनमध्ये पेला सापडला होता. पाणी अजून कोमट होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दार हळूच लावलं, कागदाची घडी परत नीट बसवली, आणि मग मुलगी कुठे असते ते विचारलं. तेव्हा त्या बाईंना बोल लावू नका.

ता. क. ३. तुम्ही असंही म्हणाल की बाबा, तुम्हीच का नाही फोन करत? केला होता, दोनदा. ठकी पहिलं वाक्य बोलते ते, ‘बाबा, काय झालं?’ मी म्हणतो, काही नाही. मग ती म्हणते, ‘मग रात्री निवांत बोलू या का?’ तिचं चुकत नाही, ती कामात असते. पण काहीच झालेलं नसताना पुढे काय बोलायचं, ते मला सुचत नाही. तिने फोन केला की मात्र सुचतं.

ता. क. ४. आजीबाईंची गोष्ट मी गेले तीन महिने कोणाला सांगितलेली नाही. त्या मंगळवारीच तक्रार का करायच्या, हे मला तेव्हा कधी विचारावंसं वाटलं नाही. आता माहीत आहे. रविवारी कोणी ना कोणी फोन करतं. तो सोमवारभर पुरतो. मंगळवारी सकाळी उठलं की संपलेला असतो. माझ्या शेऱ्यानंतर त्यांनी मंगळवार कसे काढले असतील, याचा विचार मी रोज करतो, आणि मला माझी लाज वाटते.

म्हणून तुमच्यापुढे एकच मागणं. डबे पाठवायचे तर पाठवा, ठिपका हवा तेवढा हिरवा करा, ठकीचा जीव सारखा टांगणीला लावणं हे काही बापाला शोभत नाही, ते आजपासून बंद. उद्याच मंगळवार आहे, पण पेला कपाटात ठेवून दिला आहे. मात्र माझी तक्रार बंद करू नका. ती उघडी ठेवा, आणि दुरुस्तीनंतरचा नियम म्हणून दर मंगळवारी ठकीला मला एक फोन करायला सांगा. कारण सांगू नका, चाचणी आहे म्हणा. तिने एवढंच विचारायचं, आवाज स्पष्ट येतो का? मी म्हणेन, येतोय, पण जरा थांब, नीट खात्री करून घेतो.

तेव्हा तिला म्हणावं, थांब.